सात वेळा धुतलेला चेहरा

"मावशी, आज मी सात वेळा तोंड धुतलं." यंदा दहावीत गेलेली माझी भाची बेसिनपाशी उभी होती. साबणाने घासून गाल लालबुंद, आणि मुरूम होते तिथेच. सकाळपासून तिला घरादाराने ऐकवलं होतं: आंबा बाधला, तळकट बंद कर, चेहरा स्वच्छ ठेवत नाहीस. शेवटचं तिने फार मनाला लावून घेतलं.

मुरूम मळाने येत नाहीत. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, मुलींच्या शरीरातही. तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, कोंडलेल्या तेलात त्वचेवरचेच जिवाणू फोफावतात आणि सूज येते. नाकावरच्या ठिपक्यांचा काळेपणासुद्धा मेलॅनिनचा. हवा लागून गडद झालेला. घासून निघणार काय? सोलवटलेली कातडी तेवढी चुरचुरते.

12 ते 24 या वयात साधारण 85 टक्के जणांना कमीअधिक मुरूम येतात. "मग मलाच इतके का?" त्यावर मी तिच्या आईचे आणि माझे कॉलेजातले फोटो काढले. बराच वाटा आनुवंशिकतेचा असतो.

खाण्याचा संबंध अगदीच नाही असं नाही. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर 1,200 जणांना तपासलं, तेव्हा एकालाही मुरूम नव्हता; हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. कंद, फळं, मासे आणि भरपूर नारळ हा त्यांचा आहार. म्हणजे तेलातुपापेक्षा संशय जातो तो साखर-मैद्यावर.

मला धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. एकोणिसाव्या वर्षी एका औषधाच्या दुकानातून मी न विचारता गोरं करणारं मलम आणलं. आठ दिवसांत चेहरा उजळला. मलम थांबवलं आणि आग, लाली, पहिल्यापेक्षा दुप्पट मुरूम. त्यात स्टिरॉइड होतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी "ताई, हे लावून बघा" अजून कानावर येतंच.

भाचीसाठी शनिवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, म्हणजे गणपती उजाडतील, हे तिला आधीच सांगून ठेवलंय. तोवर तोंड दिवसातून दोनदाच धुवायचं, हे तिने कबूल केलं. दुपारी आमरसाची वाटी मी तिच्यापुढे सरकवली, तेव्हा तिने आधी आजीकडे पाहिलं.