पहिले इंजेक्शन पेठमध्येच द्या

पेठ तालुक्यातून नाशिकला निघालेली रुग्णवाहिका पंचवटीत शिरते, तेव्हा अकाली कळा सुरू झालेल्या आईचा तासाहून अधिक वेळ रस्त्यातच गेलेला असतो. बाळाची फुप्फुसे मात्र अजून तयार नसतात.

‘आयजीएफ-१’ हा वाढीचा घटक बाळाच्या शरीरात शेवटच्या तीन महिन्यांत वाढत जातो. बाळ लवकर जन्मले की घटतो. तो बाहेरून द्यायचा, ही नवी उपचारपद्धती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२१ बाळांच्या चाचणीत फुप्फुसांचा गंभीर आजार सुमारे ४५ टक्क्यांऐवजी २१ टक्के बाळांना झाला. आशादायक आकडा, पण चाचणी मुळात डोळ्यांच्या आजारासाठी होती आणि तिथे फायदा दिसला नाही. त्यामुळे हे औषध अजून प्रयोगातच आहे.

हाताशी आहे ते स्वस्त डेक्सामेथासोन. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान आईला दर १२ तासांनी एक, अशी चार इंजेक्शने. बेळगावसह पाच देशांत झालेल्या चाचणीत नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस एएनएमने द्यावा, असे केंद्राचे निर्देश २०१४ पासून आहेत. औषधाला परिणाम दाखवायला काही तास लागतात. म्हणून ते नाशिकमध्ये नव्हे, पेठमध्येच मिळायला हवे आणि दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहिलेली हवी.