भांडीपेढी हवी!

हसनाबादहून जालन्यास शिकायला आलो तेव्हा वळकटी, ताट-तांब्या आणि आईने बांधून दिलेले ज्वारीचे पीठ एवढाच माझा संसार होता. खोली मिळाली की झाले, असे वाटे. पण खोली म्हणजे नुसत्या चार भिंती!

खाट-टेबलावाचून अडत नाही. अडते ते पाण्यावाचून आणि चुलीवाचून. आमच्या गल्लीत नळ रोज येत नसे, म्हणून पहिली खरेदी ड्रमची. दुसरी शेगडीची आणि पाच किलोच्या सिलिंडरची. हा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो, हे नवागतांनी ध्यानात ठेवावे. मग कुकर, तवा, परात. घरमालकाची अनामत निराळीच.

आम्ही दोघांनी खर्च वाटून घेतला म्हणून निभावले. तिसऱ्या सोबत्याला एवढी रक्कम एकदम जमली नाही. तो गावी परतला, तो थेट परीक्षेलाच दिसला. आणि त्याच उन्हाळ्यात तृतीय वर्षाचे काहीजण आपले ड्रम नि तवे भंगारात घालून गेले होते!

२०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन-निवासाचा भत्ता आहे. पण त्यासाठी अर्ज प्रवेशानंतर करायचा. खोली मात्र पहिल्याच दिवशी रोकडा मागते. भत्ता न मिळणाऱ्यांना तर तोही आधार नाही.

महाविद्यालयात पुस्तकपेढी चालते, मग भांडीपेढी का नको? जाणाऱ्याने ठेवावे, येणाऱ्याने अल्प अनामतीवर न्यावे, वर्षअखेर घासूनपुसून परत करावे. गुरुजनांनी एक कपाट तेवढे द्यावे. पहिला तवा माझा!