गाठीचं नाव

गाठ पहिल्यांदा न्हाव्याच्या हाताला लागली. मानेवरून वस्तरा फिरवता फिरवता तो थांबला आणि म्हणाला, "इथं काहीतरी लागतंय रे." मुलगा २३ वर्षांचा, आमच्या शेजारच्या काकूंचा भाचा. पोलीस भरतीची तयारी चाललेली, पहाटे पाचला मैदानावर १६०० मीटरचा सराव. डाव्या बाजूला, हासळीच्या हाडाच्या जरा वर, बोराएवढी गाठ. दाबली तर दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे साधी, असा निकाल घरात त्याच संध्याकाळी लागला.

वजन उतरत होतं. एवढा धावतोय म्हटल्यावर उतरणारच. रात्री बनियन पिळावं इतका घाम येत होता. एप्रिलचा उकाडा, दुसरं काय! अंगाला खाज सुटायची, ते घामोळं. प्रत्येक गोष्टीला घरात कारण तयार होतं आणि एकेक सुटं पाहिलं तर एकही कारण खोटं वाटत नव्हतं. गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा दवाखान्याची पायरी चढली. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. सुईची तपासणी झाली, तीत ठोस काही आलं नाही. मग गाठ आहे, ताप आहे, वजन उतरलंय, म्हणजे टीबीच, या हिशेबानं टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. नोव्हेंबरात एका सर्जननं अख्खी गाठ काढून तपासायला पाठवली आणि तिचं नाव कळलं : हॉजकिन लिम्फोमा. लसिका ग्रंथींचा कर्करोग.

काकूंचा मला फोन आला तो एकच प्रश्न घेऊन. "कितवी स्टेज म्हणायची हो ही?"

या प्रश्नाकडे येतोच. पण आधी एक सांगून टाकतो, म्हणजे हा लेख वाचता वाचता कुणी आरशासमोर मान चाचपत बसायला नको. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मानेतल्या गाठी त्याच जातीच्या. शरीरात शेकडो लसिका ग्रंथी असतात आणि त्यांतल्या सुमारे ३०० एकट्या मानेत. दाढ किडली, घसा धरला, डोक्यात फोड झाला की त्यांतली एखादी सुजते, दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. तरुणांच्या मानेतल्या बहुतेक गाठी अशाच येतात आणि जातात.

प्रश्न आहे तो न बसणाऱ्या गाठीचा. दोन-तीन आठवडे उलटूनही तशीच असलेली, दीड सेंटिमीटरहून मोठी, टणक किंवा रबरासारखी लागणारी, जागची न हलणारी गाठ तपासलीच पाहिजे. हासळीच्या हाडावरची असेल तर आकार बघत बसू नये. जोडीला रात्रीचा भिजवणारा घाम, रेंगाळणारा ताप, सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा कमी होणं यांपैकी काही असेल तर थांबूच नये. 'दुखत नाही' हा दिलासा नव्हे. जंतूंनी सुजलेली गाठ दुखते, कर्करोगाची सुरुवातीला बहुधा दुखत नाही. 'हलते, म्हणजे साधी' हेही खरं नाही, कारण हॉजकिनची गाठ बोटाखाली हलू शकते.

आता काकूंचा प्रश्न. 'कितवी स्टेज' हे आपण दहावीचा निकाल विचारावा तसं विचारतो. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही : कशाची स्टेज?

तिघं तरुण डोळ्यांसमोर आणा. तिघांच्या मानेत सारखीच सुपारीएवढी गाठ आणि तिन्ही गाठी कर्करोगाच्या. पहिली २८ वर्षांची मुलगी. तिचा कर्करोग थायरॉइडचा, पॅपिलरी जातीचा, तिथून मानेतल्या ग्रंथींत उतरलेला. आज वापरात असलेल्या वर्गवारीत रुग्ण ५५च्या आतला असेल तर मानेत पसरलेला हा आजारही पहिल्याच स्टेजचा धरतात. अगदी फुप्फुसात पोचला तरी दुसरीच्या पुढे नेत नाहीत. शस्त्रक्रिया, गरज पडली तर किरणोत्सारी आयोडीन आणि मग रोज सकाळी थायरॉइडची एक गोळी. अशा बहुतेक मुली पुढं नोकरी, संसार, बाळंतपण सगळं करतात.

दुसरा तिशीतला, कॉलेजपासून खर्रा चघळणारा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण खर्रा आणि मावा कुठल्या नाक्यावर मिळत नाही ते सांगा. त्याच्या गालाच्या आतली जखम महिनोन्‌महिने 'उष्णता' म्हणून खपली आणि आता मानेत गाठ आली. तोंडाच्या कर्करोगात मानेतली एकच गाठ रुग्णाला किमान तिसऱ्या स्टेजला नेऊन बसवते. गाठी जास्त असतील तर चौथ्या. पुढं जबड्याची आणि मानेची मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, बोलण्या-गिळण्याची नव्यानं सवय. म्हणून मानेत गाठ घेऊन आलेल्याला आधी 'आ कर' म्हणणं ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त चुकवली जाणारी तपासणी आहे.

तिसरा काकूंचा भाचा. हॉजकिनमध्ये आजार ग्रंथींच्या एकाच भागात असला तर पहिली स्टेज, श्वासपटलाच्या एकाच बाजूला दोन-तीन भागांत असला तर दुसरी, पटलाच्या वर-खाली दोन्हीकडे असला तर तिसरी आणि यकृत, हाडांतला मगज अशा ठिकाणी पसरला तर चौथी. पण इथं चौथ्या स्टेजलाही उपचार सुरू होतात ते आजार मुळासकट काढण्याच्याच इराद्यानं. वेळेवर आणि पुरे उपचार मिळाले तर दहांतले आठ-नऊ जण पाच वर्षांनंतर आपल्यात असतात. विशी-पस्तिशीतल्या माणसाला गाठणारा हा कर्करोग आहे, आणि हाच सर्वांत जास्त बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. गाठ सारखी, माणसं तिघं, अर्थ तीन. नावाशिवाय स्टेजचा आकडा म्हणजे गावाचं नाव न सांगता मैलाचा दगड दाखवण्यासारखं.

मग हे नाव कळायला सात महिने का लागतात? यात नुसता निष्काळजीपणा नाही, एक जुनी गफलत आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिननं १८३२ साली अशा सात रुग्णांचं वर्णन केलं. १८९८मध्ये कार्ल स्टर्नबर्गनं याच गाठींमधल्या राक्षसी पेशींचं वर्णन केलं आणि हा टीबीचाच एक प्रकार आहे असं मानलं. १९०२मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डोरोथी रीडनं, तिशीही न गाठलेल्या एका बाईनं, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की हा टीबी नव्हे, आजार वेगळा आहे. घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं असलेल्या त्या पेशीला आज या दोघांचं नाव आहे. वाद पुढं मिटला. आपल्या दवाखान्यांत तो अजून रोज नव्यानं उभा राहतो.

डॉक्टरांना सरसकट दोषी धरण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मानेतली गाठ टीबीची असण्याची शक्यता खरोखरच मोठी. जुन्या पिढीला 'गंडमाळ' हा शब्द उगाच माहीत नव्हता. ताप, घाम, उतरलेलं वजन ही लक्षणंही दोन्हीकडे तीच. शिवाय टीबीच्या औषधांनी गाठ कधीकधी आधी वाढते आणि मग ओसरते, त्यामुळे 'अजून थोडं थांबू' असं म्हणायला जागा राहते. माझी तक्रार टीबीच्या संशयावर नाही, नमुन्याशिवाय सुरू होणाऱ्या सहा महिन्यांच्या कोर्सवर आहे. अंदाजानं दिलेल्या स्टिरॉइडवर तर त्याहून जास्त. स्टिरॉइडनं लिम्फोमाची गाठ काही काळ चक्क विरघळते. घरचे पेढे वाटतात, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात निदान सापडेनासं होतं.

सुईच्या तपासणीचंही नीट समजून घ्यायला हवं. थायरॉइड, टीबी, तोंडाचा कर्करोग यांत बारीक सुईनं बरंच कळतं, आणि तोंड-घशाच्या कर्करोगाचा संशय असेल तर मान कापण्याआधी सुईच लावावी. हॉजकिनची गोष्ट वेगळी. त्या गाठीत कर्करोगाच्या पेशी असतात शंभरांत एखाद-दुसरी, बाकी सगळी जमलेली बघ्यांची गर्दी. सुईच्या टोकाला गर्दीतलं कुणीतरी लागतं आणि रिपोर्ट येतो 'साधी सूज'. गाठ वाढतच असेल तर तो रिपोर्ट फायलीत लावून स्वस्थ बसायचं नसतं. तेव्हा जाड सुईनं तुकडा किंवा, त्याहून चांगलं म्हणजे, अख्खी ग्रंथीच काढून तपासायची. आणि नमुन्याचे दोन भाग करायला सांगायचं. एक फॉर्मलिनमध्ये, पेशी तपासायला. दुसरा सलाइनमध्ये, टीबीच्या जीनएक्स्पर्ट चाचणीसाठी आणि कल्चरसाठी. फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यात टीबीचे जंतू वाढवता येत नाहीत. एवढी एक गोष्ट आधी सांगितली तर एकाच छेदात दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

"पण सुई लावली की पसरतो ना?" हे वाक्य मी सुशिक्षितांच्या घरांत जास्त ऐकलंय. मानेतल्या गाठीला बारीक सुई लावल्यानं आजार पसरणं ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. आजार पसरतो तो सुईच्या भीतीनं घालवलेल्या महिन्यांत. दुसरं वाक्य कुणी मोठ्यानं बोलत नाही : मुलीच्या मानेवर व्रण राहील, स्थळं यायची बंद होतील. सर्जन कातडीच्या घडीत टाके घालतात, व्रण वर्षभरात फिका पडतो. तो दिसलाच तर त्यावरून नकार देणारं स्थळ गेलेलं बरं.

आता काकूंच्या भाच्याला दर पंधरा दिवसांनी चार औषधं सलाइनमधून चढतात. १९७०च्या दशकात इटलीतल्या मिलानमध्ये बोनाडोना यांच्या गटानं बसवलेली ही चौकडी. तिच्यातलं विनब्लास्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून येतं. १९५८मध्ये कॅनडात नोबल आणि बिअर या दोघांनी ते वेगळं केलं. सदाफुलीच्या पाल्यानं मधुमेह उतरतो का, हे ते तपासत होते. साखर हलली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. म्हणून कुणी सदाफुलीची फुलं चावून कर्करोग बरा करायला निघू नये. पानात हे औषध अगदी नगण्य असतं, आणि शुद्ध औषधसुद्धा मोजून-मापून, शिरेतूनच देतात.

उपचार सुरू होण्याआधी तरुणांनी विचारायच्या दोन गोष्टी. पहिली, मूल होण्याची. शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवायची असतील तर ती पहिल्या सलाइनच्या आधी. लाजेपोटी घरात हा विषय निघत नाही आणि डॉक्टरांकडच्या गर्दीत राहून जातो. दुसरी, फुप्फुसांची. या चारांतलं ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं, तेव्हा खोकला किंवा दम लागला तर लगेच सांगायचं, विशेषतः ज्याची नोकरीच धावण्यावर ठरणार आहे त्यानं. पैशांचं म्हणाल तर कर्करोगाचे अनेक उपचार महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. त्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. शेत विकण्याआधी त्याला भेटा.

सरकारकडे माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानेतली गाठ काढून तिचा अहवाल दोन आठवड्यांच्या आत रुग्णाच्या हाती पडेल, एवढी सोय करा. आणि वाचकांनी डॉक्टरांना विचारावं, नम्रपणे पण विचारावंच : "या गाठीला काय म्हणतात, आणि ते कशावरून ठरवलं?"

काकूंना मी स्टेज सांगितली, तिसरी, आणि या आजारात तिसरीचा अर्थ काय तेही. त्यांच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडं नव्हतं. भाच्याच्या फायलीतल्या तारखा त्यांनीच मला वाचून दाखवल्या. न्हाव्याच्या हाताला गाठ लागली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. गाठ काढायला लागला एक दिवस, अहवाल यायला नऊ. मधले सात महिने बिननावाच्या गाठीवर उपचार करण्यात गेले.