नावेवर घर, पटावर नाव

लंडन शहराच्या पोटातून जुने कालवे गेलेले आहेत. १८२० साली पूर्ण झालेला रीजंट्स कॅनाल हा त्यातला एक प्रमुख. या कालव्यांवर आज हजारो माणसे होडीलाच घर करून राहतात. लंडनची घरभाडी सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेली आहेत, हे त्यामागचे मोठे कारण. आमच्या विद्यार्थ्यांना ही कायमची सहल वाटेल. पण ती होडी जेमतेम सात फूट रुंद असते, कारण इंग्लंडमधल्या पुष्कळ कालव्यांचे दरवाजेच तेवढे अरुंद आहेत. पाणी टाकीत भरून आणायचे, थंडीत कोळशाची शेगडी पेटती ठेवायची आणि शौचाची टाकी स्वतःच्या हाताने उचलून नेऊन रिकामी करायची. सहलीत ही कामे कोणी सांगत नाही!

पैसे मोजून काठावर कायमची जागा घेणे सर्वांना परवडत नाही. ज्यांना अशी जागा नाही, त्यांनी १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक थांबायचे नाही. परिस्थिती पाहून वाजवी वाटेल तेवढी जास्त मुदत मिळू शकते, असेही त्याच कायद्यात आहे. २०१२ पासून या कालव्यांचा कारभार कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था पाहते. नोकरी किंवा शाळा जवळ राहावी, हे जास्त थांबण्याचे कारण होऊ शकत नाही, असे तिच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद होते. पुढे तिने असेही सांगितले की, परवान्याच्या मुदतीत होडी पंधरा-वीस मैलांच्या आतच फिरत राहिली, तर नियम पाळला असे मानणे फार कठीण. आता ज्या घरात सात वर्षांचे मूल आहे, त्यांनी काय करावे? होडी ताशी चार मैलांनी चालते. शाळा मात्र जागची हलत नाही.

ट्रस्टची बाजू अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. काठ थोडा आणि होड्या फार. एकाने जागा अडवून ठेवली, तर मागून येणाऱ्याने थांबायचे कुठे? पण शाळा हे कारण नव्हे, हे वाक्य शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पटणे शक्य नाही.

हा प्रश्न जुनाच आहे. रेल्वे आली, मालाचे दर पडले, नावाड्याला गडी ठेवणे परवडेना, तेव्हा बायकामुले होडीवर आली. सारे कुटुंब मागच्या एका लहानशा खोलीत झोपे. या मुलांसाठी कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी चळवळ केली आणि १८७७ साली कालव्यावरच्या होड्यांचा कायदा झाला. होडीची नोंद ज्या गावी, त्या गावचे ते मूल, असे त्यात ठरले. कागदावर मुलाला गाव मिळाले. पण होडी त्या गावी कितीशी थांबणार! मग १९३० साली लंडनच्या पश्चिमेला वेस्ट ड्रेटन येथे ‘एल्सडेल’ नावाच्या एका होडीतच नावाड्यांच्या मुलांची शाळा सुरू झाली. आम्हाला कायद्यापेक्षा ही होडी अधिक शहाणपणाची वाटते.

आमच्या इंदूरला कालवाही नाही आणि असल्या होड्याही नाहीत. पण झाबुआ-अलीराजपूरकडून बांधकामावर येणारी कुटुंबे आहेत. इमारत उभी राहिली की त्यांची झोपडी उठते आणि दुसऱ्या वस्तीत पडते. प्रवेशाच्या दिवसांत अशी आई कार्यालयाच्या खिडकीशी येते, तेव्हा आम्ही आधी पत्त्याचा पुरावा मागतो, मग समग्र आयडी, मग मागच्या शाळेची टी. सी. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि टी. सी. यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, ही त्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर टाकलेली जबाबदारी आहे.

काही पालक म्हणतात, ही मुले दिवाळीनंतर निघून जातात, मग जागा कशाला अडवायची? प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचे म्हणणे असे की, चार महिने शिकलेले मूल पुढच्या शाळेत निदान वाचता येणारे म्हणून जाते. आणि ती जागा तशीही वर्षाच्या मध्यात कुणी मागायला येत नाही.

तेव्हा विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, प्रवेश अर्जातील ‘कायमचा पत्ता’ ही अट काढून तिथे ‘सध्या कुठे राहता’ एवढेच विचारावे. दाखिल-खारिज रजिस्टरात मुलाचे नाव त्याच दिवशी चढवावे. कागद मागाहून येतील. शाळा सोडताना टी. सी. त्याच्या हातात पडेल, हे कार्यालयाने पाहावे. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव आम्ही घातला आहे. पालकांनी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याआधी लेखी कळवावे.