फळीमागे नाव लिहा

तंजावर चित्राला लावलेले लेबल एकदा नीट वाचून पाहावे. त्यावर माप असते, 12 बाय 10 किंवा 18 बाय 14 इंच. चौकट सागवानी असल्याचे लिहिलेले असते. सोन्याचा वर्ख 22 कॅरेटचा असल्याची हमी असते. खडे कुठले, तेही कधी कधी असते. भौगोलिक मानांकनाचा उल्लेख असतो. किंमत असतेच. चित्र काढले कोणी, हे मात्र नसते.

हे चित्र आता कुठेही भेटते. हॉटेलात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर, सराफाच्या पेढीत, रेशमी साड्यांच्या दुकानात, पुण्यातल्या नव्या फ्लॅटच्या देवघरात. वास्तुशांतीला आणि लग्नात ते भेट म्हणून दिले जाते. लोण्याचा गोळा धरलेला गुटगुटीत बाळकृष्ण किंवा कमळावरची लक्ष्मी. घेणारा चौकस असतो. वर्ख खरा आहे का, काळा पडेल का, काच बसवून मिळेल का, सगळे विचारतो. चित्रकाराचे नाव विचारायचे त्याला सुचत नाही. दुकानदारही आपण होऊन सांगत नाही.

त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहू. मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांत हल्ली बारच्या भिंतींवर चित्रे लागतात. ती काढणाऱ्यांतले कितीतरी जण कुठल्याही कलाशाळेत गेलेले नसतात. दिवसा नोकरी करतात, रात्री रंगवतात. सिनेमातले चेहरे, जाहिरातींतले रंग, रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरे. मोठ्या दालनांचे दार त्यांना उघडत नाही, म्हणून ते बारवाल्याकडे भिंत मागतात. खाली ग्लास, वर चित्र. समीक्षक तिकडे फिरकत नाहीत. तरीही त्या चित्राच्या कोपऱ्यात सही असते. बाजूच्या कार्डावर नाव, फोन आणि किंमत असते. चित्र कुणाला आवडले, तर तो चित्रकाराचे नाव घेऊन घरी जातो.

उपाहारगृहाची भिंत हलकी मानायचे कारणही नाही. कृष्णाजी हौलाजी आरा 1914 साली सिकंदराबादजवळच्या बोलारममध्ये जन्मले. लहानपणीच घर सोडून मुंबईला आले. मोटारी धुतल्या, घरगड्याची कामे केली. चित्र काढणे बहुतांशी आपले आपणच शिकले. चाळीसच्या दशकात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले ते चेतना रेस्टॉरंटमध्ये. 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह गट उभा केला. जेवणाऱ्यांच्या डोक्यावर लागलेल्या त्या चित्रांवर आरांचे नाव होते. त्या नावामुळेच पुढचा रस्ता उघडला. नाव नसते तर ती चित्रे रेस्टॉरंटची सजावट म्हणून राहिली असती आणि भिंतीला नवा रंग देताना उतरवली गेली असती.

तंजावरच्या चित्रकाराचे नेमके हेच झाले आहे. त्याचे चित्र बारपेक्षा कितीतरी भारी भिंतीवर लागते आणि तिथे तो कुणीच नसतो.

हे चित्र घडते कसे, हे पाहिले म्हणजे ही उणीव जास्त खुपते. तमिळमध्ये त्याला पलगै पडम् म्हणतात, म्हणजे फळीवरचे चित्र. फणसाची किंवा सागाची फळी घ्यायची. तिच्यावर कापड चिकटवायचे. खडूची भुकटी आणि चिंचोक्यांची खळ यांचे थर द्यायचे, वाळवायचे, घासून गुळगुळीत करायचे. मग आखणी. दागिने, कमानी, खांब, सिंहासन हे सगळे चुनखडीच्या लगद्याने उठावात आणायचे. त्यात खडे बसवायचे. त्यावर वर्ख असा दाबायचा की प्रत्येक मण्याचा उठाव तसाच राहावा. मग रंग. चेहरा आणि डोळे शेवटी. एका चित्रामागे दिवसच्या दिवस जातात, मोठ्या चित्राला महिने. इतकी मेहनत घेतलेल्या वस्तूवर सुताराच्या लाकडाची जात नोंदली जाते, सोन्याचा कस नोंदला जातो, आणि ज्या हाताने डोळे उघडले तो हात नोंदीबाहेर राहतो.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. हे देवाचे चित्र, भक्तीचे काम. त्यात नाव कशाला? परंपरेत नाव लिहीत नाहीत.

ज्या गावाची ही परंपरा, त्याच गावातल्या भिंती वेगळे सांगतात. बृहदीश्वराचे मंदिर 1010 साली पुरे झाले. राजराज चोळाने त्याच्या दगडावर देवळाचा हिशेब कोरून घेतला. त्यात चारशे नर्तकींची यादी आहे. प्रत्येकीचे नाव आहे. ती कोणत्या गावाहून, कोणत्या देवळातून आली, ते आहे. तंजावरात तिला कोणत्या आळीत, कोणत्या बाजूला, कितवे घर दिले, तेही आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचे जुने माप) भाताचा एक वाटा. पुढे नट्टुवन म्हणजे नृत्यगुरू, वादक, गायक, शिंपी, सोनार, सुतार यांचे वाटे येतात, त्यांतही जागोजाग नावे आहेत. मुख्य स्थपती कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन याचे नाव तिथेच सापडते. हे सगळे लोक देवाचेच काम करत होते. नाव कोरल्याने त्यांची भक्ती उणी झाली, असे राजराजाला वाटले नाही.

त्याच मंदिराच्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नायक राजांच्या काळातल्या रंगाखाली ती झाकली गेली होती. 1931 मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना ती दिसली. ती रंगवणाऱ्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. म्हणजे चित्रकाराला वगळण्याची सवय जुनी आहे, हे खरे. जुनी सवय चांगलीच असते, असे मात्र नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. या चित्रशैलीला त्या दरबाराचा आश्रय मिळाला आणि दुसऱ्या सरफोजींच्या काळात ती बहरली. मराठीत तंजावरबद्दल काहीही लिहिले की हे वाक्य येतेच, आणि अभिमानाने येते. 1803 साली सरफोजींनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो बाबुराव चिटणिसांनी लिहिला. राजाचे नाव राहिले, चिटणिसाचे राहिले. त्याच दरबारासाठी चित्रे काढणाऱ्यांचे काय? पुस्तकांत त्यांच्या समाजांची नावे मिळतात: तंजावर-तिरुचिरापल्लीकडचे राजू, मदुरेचे नायडू, घरी तेलुगू बोलणारे. माणसांची नावे क्वचित मिळतात. संग्रहालयातल्या पाटीवर ‘तंजावर शैली, एकोणिसावे शतक’ एवढेच असते. आपण आश्रयदात्याचा अभिमान बाळगतो आणि ज्याला आश्रय दिला त्याची चौकशी करत नाही. हा अभिमान अर्धा आहे.

घराघरांतल्या देवाच्या चित्राला नाव शोभत नाही, हेही मराठी घराला पटू नये. रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या आजीच्या देवघरात होती. मुंबईत 1894 मध्ये सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना ती चित्रे काढत असे. स्वस्त छापील कागद, हजारो प्रती, तरी त्यांवर रविवर्म्याचे नाव छापलेले असे. आजीला चित्रकाराचे नाव माहीत होते आणि तिने हात जोडणे थांबवले नाही.

दुसरे उत्तर कायद्याचा आधार घेऊन येते. तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, 2007-08 पासून. मग संरक्षण झालेच की. झाले, पण ते नावाचे झाले, आणि नाव गावाचे आहे. 1999 चा हा कायदा सांगतो की ही वस्तू या प्रदेशातली, या पद्धतीची. ती कोणाच्या हातची, हे सांगणे त्याचे काम नाही. अधिकृत वापरकर्त्यांची नोंद करण्याची सोय त्या कायद्यात आहे. दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत ती पोचत नाही. त्याला ‘तंजावर’ दिसते. नकलेपासून तंजावर वाचले तरी तंजावरचा चित्रकार तिथेच राहतो.

दुसरा कायदा याहून जवळचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्र म्हणजे कलाकृती, मग त्यात कलागुण असोत वा नसोत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याचे 57 वे कलम म्हणते की हक्क विकून टाकल्यावरही कृती आपली आहे, असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार उरतो. नमुना पिढीजात असल्यावर त्यात कर्त्याचे स्वतःचे किती, यावर वकील वाद घालतील. घालोत. कोर्टात जाण्याची गोष्ट इथे चाललेलीच नाही. कायद्याला चित्रकाराचे नाव महत्त्वाचे वाटते, एवढे दुकानदाराने लक्षात घेतले तरी पुरे.

आणि नाव ठाऊक नाही, ही सबब तर चालूच शकत नाही. सरकारला ते ठाऊक आहे. केंद्राचे हस्तकला विकास आयुक्त कारागिरांना ‘पहचान’ नावाचे ओळखपत्र देतात. त्यावर नाव आहे, फोटो आहे, कोणती कला ते आहे. निष्णात कारागिरांना 1965 पासून राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात, 2002 पासून शिल्पगुरू सन्मान आहे. पुरस्काराच्या दिवशी चित्रकार नावानिशी व्यासपीठावर उभा राहतो. दुसऱ्या दिवशी त्याचेच चित्र विनानावाचे दुकानात जाते. ओळखपत्र चित्रकाराच्या खिशात आणि चित्र बेवारस, ही व्यवस्था कुणाच्या सोयीची आहे, हे उघड आहे. नाव कळले की गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट घरी जाईल, ही मधल्या माणसाची भीती आहे. भीती खरी आहे. म्हणून ती मान्य करावी, असे नाही.

एक अडचण मात्र खरोखरीची आहे, ती टाळून चालणार नाही. तंजावर चित्र पुष्कळदा एका हाताचे नसते. कारखान्यात एक जण आखणी करतो, दुसरा उठाव भरतो, तिसरा वर्ख लावतो, चेहरा उस्ताद करतो. मग नाव कुणाचे? सगळ्यांचे. चित्रपटाच्या शेवटी प्रकाशयोजना करणाऱ्यापासून चहा देणाऱ्यापर्यंत नावे येतात आणि त्यामुळे दिग्दर्शक लहान होत नाही. इथे तर चारपाच नावांचाच प्रश्न आहे. उस्तादाचे एकट्याचे नाव लिहून बाकीच्यांना गिळणे हाही अन्यायच होईल. आखणी अमुक, वर्ख अमुक, मुख अमुक. एवढ्या ओळी मावतात.

जागाही आहे. देवाच्या अंगावर सही नको वाटत असेल, तर नको. चित्र फळीवर आहे. फळीला मागची बाजू आहे आणि ती कोरीच असते. तिथे नावे, गाव आणि साल लिहावे. चौकट बदलली, काच फुटली, चित्र तीन घरे फिरले, तरी फळी चित्राबरोबर जाते. कागदी प्रमाणपत्र हरवते. फळीमागच्या चार ओळींना जादा खर्च नाही. पन्नास वर्षांनी कुणाला एखाद्या चित्रकाराची कामे एकत्र करावीशी वाटली, तर तेवढाच पुरावा हाताशी असेल. आज तो पुरावा कुणी ठेवत नाही आणि पुढे आपणच ‘अज्ञात चित्रकार’ असे लिहिणार आहोत.

तमिळनाडू सरकारने आपल्या विक्रीकेंद्रांपुरता हा नियम केला, तरी बाजाराला तो पाळावा लागेल. मानांकनाचा उल्लेख असलेल्या लेबलावर कारागिराच्या नावाची ओळ सक्तीची करता येईल. हॉटेलवाल्यांना तर कुणाच्या परवानगीचीही गरज नाही. पितळी पाटीवर हॉटेल बांधणाऱ्या वास्तुविशारदाचे नाव ते लावतातच; भिंतीवरच्या चित्राखाली आणखी एक छोटी पाटी लावावी.

नियम होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. तंजावर चित्र घेणाऱ्यांत मराठी घरे पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी वर्खाचा कस विचाराल, तेव्हा त्याच्याआधी चित्रकाराचे नाव विचारा. ते फळीमागे लिहून मागा आणि बिलावरही घ्या. दुकानदाराला नाव सांगता आले नाही, तर ते चित्र घेऊ नका.