दुसऱ्या पर्वांतील शहाणपण

एकदां सांगितलेली गोष्ट सुधारून पुन्हां सांगतां येते काय, हा प्रश्न आपल्या वाङ्मयास नवा नाहीं. महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेस पुरतें ओळखून असतो. लोकापवादाच्या भीतीनें तो तिला भर सभेंत झिडकारतो, व आकाशवाणी झाल्यावरच तिचा स्वीकार करतो. कालिदासास असा नायक रुचला नाहीं. त्यानें दुर्वासाचा शाप आणला, मुद्रिका आणली, आणि राजाचा अपराध त्याच्या विस्मृतीवर घातला. भवभूतीनें निराळी वाट धरली. सीतात्यागाची कथा त्यानें टाळली नाहीं. परंतु त्या कृत्यानें राम आंतून कसा पोळला, हें तिसऱ्या अंकांत अदृश्य सीतेच्या समक्ष दाखवून मगच त्यानें उभयतांची भेट घडविली. एकानें दोषास सबब शोधली, दुसऱ्यानें दोषाचें दुःख भोगावयास लाविलें. जुन्या कथेंतील खोट काढूं पाहणाऱ्यापुढें या दोन वाटा तेव्हांपासून मोकळ्या आहेत.

हें आठवण्यास निमित्त झालें तें ‘ब्रिजर्टन’ या मालिकेचें. कथा १८१३-१४ सालच्या लंडनमधील, मूळ कादंबऱ्या जूलिया क्विन या अमेरिकन लेखिकेच्या, आणि निर्मिति शोंडा राइम्स यांच्या संस्थेची. पहिलें पर्व २५ डिसेंबर २०२० रोजीं नेटफ्लिक्सवर आलें. त्या कंपनीच्या आंकड्याप्रमाणें पहिल्या २८ दिवसांत तें ८ कोटी २० लाख घरांत लावलें गेलें. आपल्या घरांतील लेकीसुनांनींही तें पाहिलें असेल, आणि वडील माणसें खोलींत येतांच बंदही केलें असेल. त्या वडील माणसांशींच आज आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पहिल्या पर्वाची नायिका डॅफनी ही सरदार घराण्यांतील मुलगी. सायमन या ड्यूकबरोबर ती बागेंत एकांतीं सांपडते, आणि अब्रूसाठीं, त्याची तयारी नसतांना, लग्न ठरतें. लग्नापूर्वीं आई तिला संसाराचें गुह्य सांगूं जाते, अडखळते, आणि कामाचें कांहींच न सांगतां उठते. इकडे सायमननें बापावरील सूडापोटीं निर्वंश राहण्याची शपथ घेतलेली आहे. पत्नीस मात्र तो एवढेंच सांगतो कीं, आपणांस मूल होणें शक्य नाहीं. ‘नको’ आणि ‘शक्य नाहीं’ यांतील अंतर त्या अजाण मुलीस कळत नाहीं. पुढें दासीकडून तिला उमज पडतो, आणि सहाव्या भागांत ती पतीच्या इच्छेविरुद्ध, त्यास न जुमानतां, अपत्याचा हेतु साधूं पाहते. कादंबरींत नवरा त्या वेळीं मद्याच्या अंमलाखालीं असतो. पडद्यावर ती नशा काढून टाकली, कृत्य मात्र ठेविलें.

येथें पतीचें असत्य आणि पत्नीची जबरदस्ती असे दोन अपराध आहेत. पहिल्याचा न्याय कथा सविस्तर करते. दुसऱ्यास ती नांवही देत नाहीं. शेवटीं नवऱ्याचा हट्ट सुटतो, पुत्र जन्मतो आणि सर्व गोड होतें. यावर अनेक प्रेक्षकांनीं व टीकाकारांनीं कडक आक्षेप घेतला. हेंच नवऱ्यानें बायकोच्या बाबतींत केलें असतें, तर त्यावर असा गोड शेवट चिकटवितां आला असता काय, असें कोणीं विचारल्यास आम्हांस त्याचें समर्पक उत्तर सुचत नाहीं. पाणिग्रहणानें हात हातीं येतो. त्या हाताच्या धन्याची इच्छा त्याबरोबर आंदण मिळत नाहीं, मग तो धनी पुरुष असो वा स्त्री असो.

दुसरें पर्व २५ मार्च २०२२ रोजीं आलें. नायक डॅफनीचा वडील बंधु अँथनी. मधमाशीच्या दंशानें बाप डोळ्यांदेखत गेला आणि कोवळ्या वयांत घराचा भार अंगावर पडला. म्हणून प्रेमाच्या वाटेस न जातां केवळ कर्तव्य म्हणून बायको करावयाची, असा त्याचा निश्चय. त्यासाठीं तो एडविना शर्मा हिला पसंत करतो, आणि मन जडतें तें तिच्या थोरल्या सावत्र बहिणीवर, केटवर. २००० सालच्या कादंबरींत केटला मधमाशी चावते, अँथनी घाबरून विष काढूं जातो, तोंच वडील बायका तेथें येतात, आणि अब्रूसाठीं दोघांचें लग्न लावून द्यावें लागतें. मालिकाकारांनीं मधमाशी ठेविली आणि सक्तीचें लग्न गाळलें. आमच्या मतें सबंध पर्वाची किल्ली या एका फेरफारांत आहे. सहाव्या भागाच्या अखेरीपर्यंत या दोघांत वाद आहे, हट्ट आहे, दृष्टिभेट आहे, चुंबनसुद्धां नाहीं. पुढें अँथनी मागणी घालतो तेव्हां, कीव किंवा कर्तव्य म्हणून घातलेली मागणी नको, म्हणून केट ती नाकारते. आणि तो नकार नकार म्हणूनच राहतो. तिचें मन वळतें तें नंतर, तिच्या स्वतःच्या इच्छेनें.

हीं शर्मा मंडळी मुंबईहून आलेलीं दाखविलीं आहेत. एडविनेस हिंदुस्तानी व मराठी येते, असें केट अभिमानानें सांगते. त्या वेळीं पुण्यास दुसरा बाजीराव गादीवर होता. लग्नापूर्वीं हळद लागते, आणि पाठीमागें ‘कभी खुशी कभी गम’ या चित्रपटांतील गीताची धून वाजते. परंतु बापास ‘अप्पा’, थोरलीस ‘दीदी’ आणि धाकटीस बंगाली ‘बोन’ म्हणणारें हें शर्मा घराणें नेमकें कोणत्या प्रांतांतलें, याचा पत्ता अखेरपर्यंत लागत नाहीं! मुंबईवर तेव्हां ज्या कंपनीचें राज्य होतें, तिच्याविषयीं या थोर लोकांस कांहीं विचारावें असेंही कोणास वाटत नाहीं. हळदीचा प्रसंग मात्र मायेनें केलेला आहे, तो पाहून परदेशीं गेलेल्या मुलींचे डोळे भरून आले असतील.

आमच्या दृष्टीनें या पर्वांतील सर्वांत मोलाचें पात्र एडविना हें आहे. कादंबरींत तिला फारसा धक्का पोंचत नाहीं. येथें ती बोहल्यापर्यंत जाते. केटच्या हातांतील कंकण गळून पडतें, नवरदेव तें उचलावयास धांवतो, आणि त्या क्षणीं तिला सर्व उमजतें. मग तिच्या रागाचा खरा रोख नवरदेवावर नसून थोरल्या बहिणीवर असतो. केटनें तिच्यासाठीं स्वतःचें सारें सुख बाजूस ठेविलें, तिला शिकविलें, तिच्यासाठीं स्थळ शोधलें. आजीआजोबांनीं इंग्रज सरदाराशींच लग्न झालें तर पैसा देऊं अशी अट घातली होती, तीही एकटीच्या पोटांत ठेविली. फक्त एक गोष्ट केली नाहीं. तुला काय हवें, हें तिला कधीं विचारलें नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस अशी एखादी अक्का, एखादे दादा ठाऊक असतीलच. त्यांचा त्याग खराच असतो, आणि त्या त्यागाच्या ओझ्याखालीं धाकट्यांचा शब्द दबून जातो, हेंही तितकेंच खरें असतें.

आतां प्रारंभींचा प्रश्न. या मालिकेनें कालिदासाची वाट धरली कीं भवभूतीची? दोहोंपैकीं एकही नाहीं. तिनें जुन्या दोषास सबब दिली नाहीं, आणि त्याचें दुःखही कोणास भोगावयास लाविलें नाहीं. तो दोष नसलेली दुसरी गोष्ट सांगितली. त्यामुळें दुसरें पर्व निश्चित उजवें ठरलें. पण पहिल्यांतील अन्याय जागच्या जागीं राहिला. डॅफनी दुसऱ्या पर्वांत येते ती कडेवर मूल घेऊन, भावास प्रेमाचा उपदेश करणारी सुखी गृहिणी म्हणून. तिच्या हातून काय घडलें याचा उच्चार कोणी करीत नाहीं. घरांतही पुष्कळदां असेंच होतें. थोरल्या सुनेस जें सोसावें लागलें तें धाकटीच्या वेळीं होऊं देत नाहींत, आणि मंडळी समजतात कीं जुना हिशेब मिटला. धाकटी सुखी झाली ही चांगलीच गोष्ट आहे. थोरलीचा हिशेब मात्र तिच्याशीं बोलल्यावांचून मिटत नाहीं.

म्हणून वडील माणसांस आमचें सांगणें एवढेंच, कीं मुलें अशी मालिका पाहत असतां खोलींत गेलांत तर ती बंद करावयास लावूं नका. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढलें, त्यास आतां शंभर वर्षें होत आलीं. तरी डॅफनीच्या आईप्रमाणें अडखळून उठणाऱ्या आया आपल्याकडे अजून आहेत, आणि मुलग्यांस तर तेवढेंही सांगण्याची चाल नाहीं. लग्नापूर्वीं मुलीशीं आणि मुलाशींही स्पष्ट बोलावें. स्थळ पाहतांना घरांतल्या सर्वांस विचारून झालें कीं जिचें लग्न तिलाही विचारावें, आणि तिनें ‘नको’ म्हटलें तर त्याचा अर्थ ‘नको’ असाच घ्यावा.