‘डेडवुड’चे न दिसलेले दिवस

अकाली बंद पडलेल्या चांगल्या दूरचित्रवाणी मालिकांविषयी बोलताना बहुतेकांची हळहळ एकच असते : शेवट पाहायला मिळाला नाही. आमच्या मते ही हळहळ भलत्याच गोष्टीसाठी आहे. शेवट पुढे कधीतरी जोडता येतो. जे जोडता येत नाही ते निराळेच असते, आणि ते काय असते हे एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या ‘डेडवुड’ (२००४–२००६) या मालिकेइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

१८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश सू लोकांना देण्यात आला होता. तेथे सोने असल्याचा बोभाटा झाला आणि १८७६ मध्ये डेडवुड ही खाणकऱ्यांची वस्ती उभी राहिली. तेथे कायदा नव्हता, कारण कायद्याने तेथे वस्तीच असायला नको होती. अशा चिखलात, दारूच्या गुत्त्यांत आणि खुनांत माणसे हळूहळू एकमेकांशी बांधली कशी जातात, हा मालिकेचा विषय. निर्माते-लेखक डेव्हिड मिल्च हे येलमध्ये रॉबर्ट पेन वॉरन यांचे विद्यार्थी, पुढे तेथेच अध्यापक. वॉरन आणि क्लिअंथ ब्रुक्स ही जोडगोळी आपल्या विद्यापीठांतही नवसमीक्षेच्या तासाला हटकून भेटते. कलाकृतीला घडीव कलशासारखी पूर्णाकृती मानणाऱ्या त्या परंपरेत वाढलेल्या लेखकाची सर्वोत्तम कृती अर्धवट राहावी, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

‘डेडवुड’ची भाषा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गुत्त्याचा मालक अल स्वेअरेंजन (इअन मॅकशेन) याच्या तोंडी एका श्वासात ओंगळ शिवी आणि व्हिक्टोरियन वळणाचे लांबलचक, आत-बाहेर गुंफलेले वाक्य येते. एका पेटीत ठेवलेल्या, छाटलेल्या मुंडक्यापुढे तो स्वगते बोलतो. शेक्सपिअरच्या नाटकांतील मद्यगृहे ज्यांनी मनापासून शिकवली आहेत, त्यांना या शिव्यांचा अडसर वाटू नये.

मे २००६ मध्ये, तिसरे पर्व दाखवले जाण्याआधीच, वाहिनीने नटांचे करार पुढे चालू ठेवले नाहीत. मालिका खर्चिक होती, शिवाय तिच्यात पॅरामाउंटचीही भागीदारी होती. सहा भागांचे आखूड चौथे पर्व देऊ करण्यात आले, ते मिल्च यांनी नाकारले. मग दोन चित्रपटांचे आश्वासन मिळाले; तेही तेव्हा हवेत विरले. छत्तीस भागांवर मालिका थांबली.

सहा भाग नाकारणे हा अनेकांना हट्ट वाटला. आम्हांला तो वाटत नाही. ‘डेडवुड’चा एक भाग म्हणजे साधारणपणे वस्तीतला एक दिवस. माणसे सकाळी उठतात, कॉफी पितात, कुणी कुणाचा गळा चिरतो, रात्र होते. कथानक या दिवसांच्या साठण्यातून तयार होते. त्यांची संख्या निम्मी केली की उरतो तो घटनांचा गोषवारा.

तिसऱ्या पर्वातील एका इमारतीचे उदाहरण घ्यावे. जोनी स्टब्स हिने ती कुंटणखाना म्हणून उघडली. तेथे तीन स्त्रियांचे खून झाले. पुढे त्याच वास्तूत वस्तीतील मुलांची शाळा भरू लागली. मग जॅक लँग्रिश हा नाटकमंडळीचा मालक येतो आणि मुलांसाठी नवी शाळा बांधून देण्याच्या अटीवर ती जागा रंगमंदिरासाठी विकत घेतो. कुंटणखाना, शाळा, नाट्यगृह : समाज कसा बनतो हे एवढ्या कमी शब्दांत सांगणारी प्रतिमा आम्हांला सहसा आठवत नाही. तरीही लँग्रिशचे उपकथानक निरुद्देश असल्याची तक्रार झाली. ते निरुद्देश भासते, कारण ज्या पर्वात ते फळाला यायचे ते पर्वच निघाले नाही. पेरणीला दोष देणाऱ्यांनी शेत कोणी विकले हेही पाहावे.

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांचे दुखणे याच्या नेमके उलटे, तेथे मध्य संपतच नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तेथे एकच प्रसंग ताणून दिवस भरले जातात. येथे प्रत्येक दिवस माणसांना थोडे बदलून जातो.

डिकन्सची ‘एडविन ड्रूड’ १८७० मध्ये त्याच्या मृत्यूने अर्धी राहिली, पण कादंबरीकाराची अपुरी कृती निदान कागदावर थांबते. पात्रे म्हातारी होत नाहीत. मालिका नटांच्या देहांवर लिहिलेली असते. त्यातून मिल्च संवाद ऐनवेळी, जमिनीवर आडवे होऊन, लेखनिकाला सांगत आणि नटांच्या हाती ते पुष्कळदा चित्रीकरणाच्या तोंडावर पडत. चौथे पर्व कोठल्या कपाटात पडून राहण्याची शक्यताच नव्हती.

२०१९ मध्ये अखेर चित्रपट आला. कथा १८८९ मध्ये, दक्षिण डाकोटाला राज्याचा दर्जा मिळतानाच्या दिवसांत घडते. खाणसम्राट जॉर्ज हर्स्ट सेनेटर होऊन परततो, सेथ बुलकशी जुना हिशेब पुन्हा निघतो, आजारी स्वेअरेंजन अंथरुणाला खिळतो. अल्झायमरचे निदान झालेले असताना मिल्च यांनी हे लिहिले, म्हणून त्याविषयी आम्हांला आदरच आहे. शेवट मिळाला, आणि तो वाईटही नाही. पण २००६ चा नाइलाजाचा शेवट आम्हांला अधिक खरा वाटतो : हर्स्ट सगळे विकत घेऊन सहीसलामत निघून जातो आणि त्याला शांत करण्यासाठी स्वतः मारलेल्या निरपराध मुलीचे रक्त स्वेअरेंजन गुडघ्यांवर बसून पुसत राहतो. हर्स्टने घेतलेली होमस्टेक खाण पुढे २००२ पर्यंत चालली, हे लक्षात घेता त्या शेवटाला इतिहासाचाही दुजोरा आहे.

चित्रपटाने मधली सुमारे बारा वर्षे ओलांडली. त्याच काळात, सप्टेंबर १८७९ मध्ये, खरे डेडवुड आगीत जळाले आणि पुन्हा बांधले गेले. साय टॉलिव्हरची भूमिका करणारे पॉवर्स बूथ २०१७ मध्ये वारले होते, त्यामुळे तो चित्रपटात नाही. लँग्रिश आणि त्याची नाटकमंडळीही १८८९ च्या त्या गावात दिसत नाहीत.